कुळागरातून घरापर्यंत: चूक-दुरुस्ती आणि सिग्नलचा आकार, पायरीपायरीने

आमचं कुळागर (माड-पोफळींची बाग) गोव्यात फोंडा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. घर वर सड्याच्या कडेला. सरळ रेषेत अंतर सव्वा किलोमीटर. मध्ये माड, पोफळी, फणस आणि जांभ्याचा एक उंचवटा. काकांचं मागणं साधं होतं. "बाये, पंप लागला की नाही आणि विहिरीत पाणी किती, एवढं घरात बसून कळलं तरी पुरे." मी ८६६ मेगाहर्ट्झची दोन लोरा मॉड्यूल (कमी विजेवर लांब पोचणारे छोटे रेडिओ) आणली आणि मे महिन्यात जोडली. सगळं सुरळीत चाललं. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि पॅकेट गळायला लागली.

पहिला विचार आला तो पॉवर वाढवण्याचा. वाढवलीही. बॅटरी लवकर उतरू लागली, आणि पंप सुरू होतानाची पॅकेट तरीही गळतच राहिली. तेव्हा मी वही उघडली. प्रत्येक डीबी (डेसिबल, सिग्नल किती पट वाढला-घटला याचं माप) कुठून येतो आणि कुठे जातो, हे मांडल्याशिवाय कोणताही बदल करायचा नाही, असं ठरवलं. हा लेख म्हणजे त्या वहीची रीत आहे. लोरा वापरत नसाल तरी चालेल, रीत तीच राहते.

डीबीचा अंदाज हाताशी ठेवा: ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट, १ डीबी म्हणजे साधारण २६ टक्के जास्त.

पायरी १: चुका कशा पडतात ते आधी बघा

प्रत्येक पॅकेटला क्रमांक द्या. घेणाऱ्या बाजूला वेळ, सिग्नलची पातळी आणि सिग्नल-गोंगाट गुणोत्तर नोंदवा. निदान एक आठवडा नोंदी होऊ द्या, त्यात पावसाचे दोन-तीन दिवस यायला हवेत.

यापुढचं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि सगळ्यात जास्त तेच शिकवतं. पॅकेटमध्ये खऱ्या वाचनाऐवजी ठरलेला, आपल्याला माहीत असलेला बिटांचा क्रम पाठवा. तपासणीत नापास झालेली पॅकेट फेकू नका, साठवा. आलेला क्रम आणि मूळ क्रम यांचा एक्सऑर (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) काढला की जिथे १ दिसतो तिथे चूक. असे पंचवीस-तीस नमुने एकाखाली एक छापून बघा.

मला दोन वेगळी चित्रं दिसली. पावसाच्या तासांत सिग्नल क्षीण होता आणि चुका पॅकेटभर विखुरलेल्या होत्या. पंप सुरू होण्याच्या क्षणी सिग्नल उत्तम होता, पण सलग सात-आठ बिटांचा घास गेलेला होता. पहिल्या दुखण्याचं कारण ओली पानं. या फ्रिक्वेन्सीला किलोमीटरभर अंतरात पावसाचे थेंब जवळजवळ काहीच शोषत नाहीत, पण भिजलेली झाडी शोषते. (घरच्या डीटीएचचं चित्र पावसात अडकतं ती गोष्ट वेगळी. तो सिग्नल १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा असतो आणि तिथे पाऊसच आडवा येतो.) दुसऱ्या दुखण्याचं कारण स्टार्टरची ठिणगी. दोन्ही दुखण्यांवर एकच औषध चालत नाही.

पायरी २: डीबीची वही मांडा

आमची वही अशी होती. पाठवणारी पॉवर १४ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत इतके डीबी), म्हणजे २५ मिलिवॅट. दोन्ही अँटेना २-२ डीबीच्या. मोकळ्या हवेत सव्वा किलोमीटरला घट ९३ डीबी. म्हणजे वाटेत काहीच नसतं तर उणे ७५ डीबीएम मिळायला हवे होते. मे महिन्यात प्रत्यक्षात मिळत होते उणे ११३. उरलेले ३८ डीबी झाडांनी आणि उंचवट्याने खाल्ले.

आता गोंगाट. दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम हा निसर्गाचा तळ. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थसाठी (सिग्नलने व्यापलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यासाठी) त्यात ५१ मिळवा, रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट म्हणून ६ मिळवा, उत्तर उणे ११७. म्हणजे मे महिन्यात सिग्नल गोंगाटाच्या ४ डीबी वर होता. मुसळधार पावसात तो उणे १२६ पर्यंत उतरला, गोंगाटाच्या ९ डीबी खाली. लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल वेळेत किती ताणायचा याचा अंक) ७ असताना उणे ७.५ डीबीपर्यंत वाचता येतं. दीड डीबी कमी पडत होता, म्हणून पॅकेट गळत होती.

स्प्रेडिंग फॅक्टर १० केला की ही मर्यादा उणे १५ वर जाते आणि पावसातही ६ डीबी हाताशी राहतात. मी तेच केलं. पण ही फुकटची मिळकत आहे असं समजू नका. फॅक्टर ७ ला एक चिन्ह (सिम्बॉल, म्हणजे सिग्नलचा एक तुकडा) १.०२४ मिलिसेकंदाचं आणि त्यात ७ बिट. फॅक्टर १० ला ८.१९२ मिलिसेकंद आणि १० बिट. दर बिटाला लागणारा वेळ ५.६ पट झाला. मिळालेले ७.५ डीबी म्हणजेही ५.६ पट. पॉवरऐवजी वेळ खर्च झाला, दर बिटाची ऊर्जा तेवढीच वाढली. दहा मिनिटांतून एकदा चार बाइट पाठवायचे असतील तर हा सौदा मला मान्य आहे. मोठा डेटा असेल तर नाही.

तेवढीच माहिती तेवढ्याच खात्रीने कमी ऊर्जेत पोचली, तर तिला खरी कमाई म्हणायचं. तिच्या वाटा दोन: चूक-दुरुस्तीचा कोड आणि सिग्नलचा आकार. मर्यादा कुठे आहे हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सांगून ठेवलं आहे. बँडविड्थ हवी तेवढी असली तरी दर बिटाची ऊर्जा आणि गोंगाट यांचं गुणोत्तर उणे १.५९ डीबीच्या खाली नेता येत नाही. कोडशिवाय साध्या दोन-पातळ्यांच्या सिग्नलला लाखात एक चूक एवढी शुद्धता हवी असेल तर ९.६ डीबी लागतात. मधली ११ डीबींची दरी हे आपलं शेत.

पायरी ३: एक कोड कागदावर सोडवा

सॉफ्टवेअरची लायब्ररी उघडण्याआधी हे एकदा हाताने करा. मी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी करून घेते. रिचर्ड हॅमिंग यांचा १९५० चा कोड: ४ बिट माहिती, ३ बिट पॅरिटी (ठरलेल्या जागांवरच्या १ ची संख्या सम करणारे तपासणीचे बिट), एकूण ७ जागा. पॅरिटी १, २ आणि ४ या जागांवर, माहिती ३, ५, ६, ७ वर.

माहिती १०११ घ्या. जागा ३ वर १, जागा ५ वर ०, जागा ६ वर १, जागा ७ वर १. जागा १ ची पॅरिटी ३, ५, ७ यांवरून: १, ०, १ म्हणजे ०. जागा २ ची ३, ६, ७ वरून: १, १, १ म्हणजे १. जागा ४ ची ५, ६, ७ वरून: ०, १, १ म्हणजे ०. पाठवायचा शब्द ०११००११.

वाटेत सहावा बिट उलटला असं धरा: ०११०००१ आलं. घेणारा तीन तपासण्या करतो. १, ३, ५, ७ या जागांची बेरीज सम, म्हणून ०. २, ३, ६, ७ ची विषम, म्हणून १. ४, ५, ६, ७ ची विषम, म्हणून १. खालून वर वाचा: ११०, म्हणजे ६. चुकीची जागा कोडनेच सांगितली. दोन चुका असतील तर मात्र हाच कोड खात्रीने तिसरीच जागा दाखवतो. म्हणून दुरुस्तीनंतर वेगळी सीआरसी तपासणी (अख्ख्या पॅकेटवरून काढलेला पडताळ्याचा अंक) हवीच.

लोराच्या आत याच कुळातला कोड आहे. कोडचा दर ४/५ (माहितीच्या ४ बिटांमागे एकूण ५ बिट) आणि ४/६ असताना चूक फक्त कळते. ४/७ आणि ४/८ ला दर शब्दात एक बिट दुरुस्त होतो. ४/५ वरून ४/८ वर गेलात तर माहितीच्या भागाला १.६ पट वेळ लागतो. माझा अनुभव असा की विखुरलेल्या गोंगाटावर स्प्रेडिंग फॅक्टर वाढवावा आणि ठिणग्यांवर कोडचा दर. दोन्ही एकदम वाढवून बसू नका, कशाने फरक पडला ते कळत नाही.

पायरी ४: घास विखरून टाका

सलग सात बिट गेले तर एक चूक दुरुस्त करणारा कोड काय करणार? इथे इंटरलीव्हिंग कामाला येतं. आठ ओळी, सात स्तंभांचं कोष्टक आखा. प्रत्येक ओळीत सात बिटांचा एक हॅमिंग शब्द लिहा. पाठवताना मात्र स्तंभ धरून वरून खाली वाचा. आता वाटेत सलग आठ बिट गेले तरी ते आठ वेगळ्या ओळींतले असतात, दर ओळीत फार तर एक. आठही शब्द सुधारतात. एकही जास्तीचा बिट न पाठवता हे साधतं. किंमत एवढीच की अख्खं कोष्टक येईपर्यंत थांबावं लागतं.

सलग नुकसानीसाठी बाइट धरून दुरुस्ती करणारा कोडही चांगला. रीड-सोलोमन, १९६०. म्हापशाच्या बाजारात मासळीवाल्या बाईच्या पाटीला लावलेला क्यूआर कोड खवल्यांनी आणि पाण्याने अर्धवट पुसलेला असतो, तरी पैसे जातात, ते याच कोडमुळे. क्यूआरची सगळ्यात भक्कम पातळी साधारण ३० टक्के भाग गेला तरी वाचते.

अख्खं पॅकेटच हरवत असेल तर सोपी युक्ती: चार पॅकेटनंतर त्या चौघांचा एक्सऑर पाचवं म्हणून पाठवा. पाचांतलं कोणतंही एक हरवलं तरी उरलेल्या चारांवरून ते परत मिळतं. आमची तासाची नोंद अशीच येते, दोन पॅकेटमध्ये वीस सेकंद सोडून.

आणि हेही करा: स्टार्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (ठिणगी शोषणारी रोध-कपॅसिटरची जोडी) बसवा, आणि पंप सुरू झाल्यावर दोन सेकंद थांबून मग पाठवा. मुळातच टळणारी चूक कोडवर ढकलू नये.

पायरी ५: संगणकावर बाक मांडा

इथून पुढचं पायथन आणि नमपाय (पायथनची गणिताची लायब्ररी) यांत करा. दहा लाख यादृच्छिक बिट घ्या. ० ला +१, १ ला −१. त्यात गाऊसी गोंगाट (घंटेच्या आकाराच्या वाटपाचा यादृच्छिक गोंगाट) मिसळा. गोंगाटाचा वर्ग-विचलन अंक (व्हेरियन्स, गोंगाट किती पसरतो याचं माप) म्हणजे १ भागिले (२ गुणिले कोडचा दर गुणिले दर बिटाचं ऊर्जा-गोंगाट गुणोत्तर). गुणोत्तर डीबीतून साध्या संख्येत आणायला विसरू नका. मग धन-ऋण चिन्ह बघून निर्णय घ्या आणि चुका मोजा. कोड नसताना ४ डीबीला दर लाख बिटांत साडेबाराशेच्या आसपास चुका यायला हव्यात. येत नसतील तर पुढे जाऊ नका, आधी ते दुरुस्त करा.

कोडचा दर या सूत्रात विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. अर्ध्या दराच्या कोडला मग ३ डीबी फुकट मिळाल्यासारखे दिसतात. पॅरिटीच्या बिटांची ऊर्जाही आपल्याच खात्यातून जाते. म्हणूनच एक बिट तीनदा पाठवून बहुमत घेण्याने, या प्रकारच्या गोंगाटात, काहीच कमाई होत नाही; उलट थोडं नुकसान होतं.

आता अर्ध्या दराचा, सात लांबीचा कन्व्होल्युशनल कोड (ताज्या आणि मागच्या काही बिटांवरून पाठवायचे बिट ठरवणारा) घ्या. त्याचे जनक अंक अष्टमानात १७१ आणि १३३. उलगडा व्हिटर्बीच्या रीतीने (सगळ्यात संभवनीय बिटक्रम शोधणारी रीत). निर्णय दोन प्रकारे करून बघा. पहिल्या प्रकारात आलेल्या आकड्याचं फक्त धन-ऋण चिन्ह द्या. दुसऱ्यात आकडा आहे तसा द्या; हा मृदू निर्णय. दरीपलीकडून कोणी साद घातली तर ऐकणारा "नक्की हो म्हणाला" आणि "बहुतेक हो म्हणाला" यांत फरक करतो ना? +१.४ आणि +०.१ दोन्ही धन आहेत, पण पहिल्यावर विसंबता येतं, दुसऱ्यावर नाही. हा विश्वास मोजायचा आकडा म्हणजे आलेली किंमत गुणिले २ भागिले गोंगाटाचा वर्ग-विचलन अंक. एवढ्याने साधारण २ डीबी मिळतात, आणि पाठवणाऱ्या बाजूला काहीच बदलावं लागत नाही. लाखात एक चूक आता ९.६ ऐवजी साडेचार डीबीच्या आसपास येते. जिथे शक्य असेल तिथे मृदू निर्णय घ्या, यावर माझं दुमत नाही.

त्याहून पुढे जायचं तर एलडीपीसी (विरळ पॅरिटी-तपासण्यांचे लांब कोड). रॉबर्ट गॅलेगर यांनी हे कोड १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले, यंत्रं त्यांना पेलण्याजोगी व्हायला तीसेक वर्षं गेली. १९९३ च्या टर्बो कोडनंतर लोकांनी ते पुन्हा हाती घेतले. आज ५जीचा डेटा त्यांच्यावर चालतो. लहान, शंभरेक बिटांच्या संदेशाला मात्र कन्व्होल्युशनल कोड पुरे.

पायरी ६: पल्सला आकार द्या

चौकोनी पल्स शेजारच्या चॅनेलमध्ये सांडते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, पण १ वॅट आणि २०० किलोहर्ट्झच्या आत राहून. म्हणून रूट रेझ्ड कोसाइन फिल्टर: अर्धा आकार पाठवणाऱ्याकडे, अर्धा घेणाऱ्याकडे, आणि दोन्ही मिळून असा पूर्ण आकार की एका चिन्हाच्या मध्यावर शेजारच्या चिन्हांचं योगदान शून्य.

सेकंदाला एक लाख चिन्हं आणि रोल-ऑफ (पट्ट्याच्या कडा किती उतरत्या ठेवायच्या याचा अंक) ०.३५ असेल तर बँडविड्थ १३५ किलोहर्ट्झ; ०.२ केला तर १२०. पण रोल-ऑफ जितका कमी, तितक्या पल्सच्या शेपट्या लांब, शिखरं उंच आणि वेळेची चूक महाग. स्वस्त ॲम्प्लिफायर असेल तर ०.३५ वरच राहा. चिन्हामागे ८ नमुने आणि दोन्ही बाजूंना ८ चिन्हं लांबीचा फिल्टर घेऊन, गोंगाट न मिसळता, चिन्हांच्या मध्यावरच्या किमती छापा. त्या +१ आणि −१ च्या अगदी जवळ हव्यात. नसतील तर फिल्टर तोकडा आहे किंवा वेळ सरकली आहे.

पायरी ७: कोणती पातळी किती वेळा वापरायची

चतुर्थीनंतर काकांचं मागणं वाढलं. रात्री गवे कुळागरात उतरतात. फोटो आला तर बरं. फोटोला लोराचा वेग पुरत नाही, म्हणून बहुपातळ्यांचा सिग्नल लागतो. हे काम माझ्याकडे अजून टेबलावर आहे: दोन एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारे रेडिओ), मध्ये केबल आणि ३० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा). प्रयोगाचा सिग्नल अँटेनातून हवेत सोडू नका.

१६-क्यूएएममध्ये (दोन अक्षांवर मिळून १६ बिंदूंच्या सिग्नलमध्ये) प्रत्येक अक्षावर चार पातळ्या असतात: −३, −१, +१, +३. सगळ्या सारख्या वेळा वापरल्या तर सरासरी पॉवर १ आणि ९ यांची सरासरी, म्हणजे ५. बाहेरच्या पातळ्या महाग आहेत. मग त्या कमी वेळा वापरू. आकारमान (धन-ऋण चिन्ह सोडून उरणारा आकडा) १ हे ७० टक्के वेळा, ३ हे ३० टक्के वेळा. सरासरी पॉवर ०.७ अधिक २.७, म्हणजे ३.४. पण माहितीही घटली: आकारमानात १ बिट होता तिथे ०.८८ उरला, धन-ऋण चिन्हाचा १ धरून एकूण १.८८. तुलना न्यायाने करायची तर १.८८ बिट समान वाटपाने नेण्याची पॉवर काढावी लागते. ती २ चा (२ गुणिले १.८८) वा घात, उणे १, भागिले ३, म्हणजे ४.१८. ४.१८ ला ३.४ ने भागा: ०.९ डीबी. ही खरी कमाई. पातळ्या कितीही वाढवल्या तरी या वाटेने १.५३ डीबीपेक्षा जास्त मिळत नाही.

समान शक्यतेच्या बिटांतून ७०-३० चं वाटप कसं काढायचं? सोपी रीत अशी: १० आकारमानांचा गट घ्या आणि प्रत्येक गटात नेमके सात १ आणि तीन ३ ठेवा. असे १२० क्रम होतात. त्यांतले ६४ निवडून ६ बिटांना एकेक क्रम नेमून द्या. पण दहा जागांत ६ बिट म्हणजे दर जागेला ०.६, आणि शक्य होते ०.८८. गट २० चा केला तर ३८,७६० क्रम, १५ बिट, दर जागेला ०.७५. गट १०० चा केला तर ८४ बिट, ०.८४. म्हणून लहान गटांवर हे करू नका, कमाई गटाच्या लांबीतच विरते. मोठ्या गटाला यादी साठवता येत नाही, तिथे अंकगणिती कोडिंगच्या रीतीने क्रम काढतात.

आता कोडशी सांगड. आधी कोड आणि मग आकार (म्हणजे हे असमान वाटप) असं केलं तर घेणाऱ्याला कोड उलगडण्याआधीच आकार उलगडावा लागतो, आणि एक चूक अख्खा गट बिघडवते. बोखरर, स्टायनर आणि शुल्टे यांनी २०१५ साली क्रम उलटा केला. माहितीतून आधी आकारमानं बनवा. ती बिटांत लिहून अशा कोडला द्या जो माहितीचे बिट जसेच्या तसे ठेवतो आणि पॅरिटी वेगळी देतो. पॅरिटीचे ० आणि १ जवळजवळ सारखेच येतात. त्यांना धन-ऋण चिन्ह बनवा. चिन्हाने पॉवर बदलत नाही, म्हणून आकार टिकतो. अर्ध्या दराच्या कोडला आमच्या चार पातळ्यांत हे नेमकं बसतं: एक बिट आकारमानाचा, एक चिन्हाचा. यात सगळी धन-ऋण चिन्हं पॅरिटीची झाल्यामुळे दर अक्षाला शुद्ध माहिती आकारमानाची तेवढीच उरते, आणि तुलना त्याच दराच्या साध्या सिग्नलशी करायची.

कमाई दिसली नाही तर तीन जागा बघा. घेणाऱ्या बाजूला विश्वासाचा आकडा काढताना प्रत्येक पातळीचं वजन तिच्या संभाव्यतेने गुणलं आहे का? आतल्या दोन पातळ्यांना प्रत्येकी ०.३५, बाहेरच्या दोन पातळ्यांना प्रत्येकी ०.१५. नवीन सरासरी ३.४ धरून सिग्नलची पॉवर पुन्हा जुळवली आहे का? आणि गोंगाटाचा अंदाज जुन्याच मोजणीचा तर नाही? माझ्या बाकावर पहिली जागा चुकली होती, त्यात दोन आठवडे गेले.

हे सगळं चांगल्या सिग्नलवरच परवडतं. लोराच्या चर्पची (फ्रिक्वेन्सी सरकत जाणाऱ्या लहरीची) उंची सगळीकडे सारखीच असते, चार-बिंदू क्यूपीएसकेचीही. तिथे वाटून घ्यायला लहान-मोठ्या पातळ्याच नाहीत. विहिरीच्या पाण्याचं वाचन म्हणून लोरावरच ठेवलं आहे: फॅक्टर १०, दर ४/७, पॉवर पुन्हा १४ डीबीएम. ऑगस्टमधल्या पावसात स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पडद्यावर आकडा दर दहा मिनिटांनी बदलत होता, आणि काका चहा घेताना तो वाचून मगच खाली उतरत होते.